आशा कुपीत मावते का?



आज झावळ्यांचा रविवार. हातात झावळ्या घेऊन आपण पवित्र आठवड्यात प्रवेश करीत आहोत. उद्या सोमवारी मिस्सामध्ये बेथानीच्या घरातला प्रसंग वाचला जाईल. मरिया प्रभूच्या चरणांना मौल्यवान सुगंधी तेल लावते आणि सारे घर त्या सुवासाने भरून जाते. पुढे पुनरुत्थानाच्या पहाटे काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे निघाल्या, असे संत मार्क आणि संत लूक सांगतात. पवित्र आठवडा असा दोन सुगंधांच्या मध्ये उभा आहे. म्हणून या रविवारी आम्ही एका अत्तराविषयी लिहायचे ठरवले आहे. हे अत्तर आपल्याच काळातले आहे आणि ते आशेच्या कल्पनेतून जन्माला आले. त्याच्या निमित्ताने एका जुन्या प्रश्नाचा विचार आपणासमवेत करावा, असे आम्हाला वाटते. आशा म्हणजे नेमके काय? ती कुपीत भरून विकता येते का? आणि जिच्यातून हिशेबाने काहीच हाती लागले नाही, ती आशा खोटी म्हणावी का?

कथा अफगाणिस्तानातली आहे. २००६ सालच्या मार्च महिन्यात कंदाहार प्रांतातील एका गावात कॅनडाच्या सैन्यातील कॅप्टन ट्रेव्हर ग्रीन गावच्या वडीलधाऱ्या मंडळींसोबत बैठकीला बसले होते. गावाला काय हवे, काय नको, हे विचारून घेणे हे त्यांचे काम होते. यजमानांचा मान राखावा म्हणून त्यांनी डोक्यावरचे शिरस्त्राण काढून बाजूला ठेवले होते. इतक्यात मागून एका तरुणाने त्यांच्या डोक्यावर कुऱ्हाडीचा घाव घातला. ग्रीन वाचले, परंतु मेंदूला जबर इजा झाली. पुन्हा बोलणे, हातपाय हलवणे, यासाठी त्यांना अनेक वर्षे झुंजावे लागले.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात राहणाऱ्या बार्ब स्टेगेमन या त्यांच्या महाविद्यालयापासूनच्या स्नेही. आपल्या मित्राचे अर्धवट राहिलेले काम आपण कसे पुढे नेणार, हा प्रश्न त्यांना पडला. त्या सैनिक नव्हत्या, मुत्सद्दी नव्हत्या. पण जगातील बाजारात बरीचशी खरेदी स्त्रियाच करतात, हे त्यांना ठाऊक होते. पुढे जलालाबाद येथील एका गृहस्थाविषयी त्यांच्या वाचनात आले. हे गृहस्थ अफूऐवजी नारिंगाची फुले आणि गुलाब यांपासून सुगंधी तेल काढीत होते, पण त्यांना गिऱ्हाईक मिळणे कठीण जात होते. स्टेगेमन यांनी ते तेल विकत घेतले आणि २०१० साली त्यापासून बनवलेले अत्तर बाजारात आणले. 'द सेव्हन व्हर्च्यूज' हे त्यांच्या व्यवसायाचे नाव. ते वाचून आपल्याला धर्मशिक्षणात शिकलेले सात सद्गुण आठवतील, परंतु ते त्यांच्या स्वतःच्या एका पुस्तकावरून घेतलेले आहे. त्यानंतर भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या हैती देशातील वाळ्याचे अत्तरही त्यांनी काढले. युद्ध सोडा, अत्तर करा, असा त्यांच्या प्रचाराचा आशय होता.

जलालाबाद हे शहर नारिंगाच्या फुलांसाठी नावाजलेले आहे. वसंतात ही फुले बहरली की तेथे कवी जमतात, मुशायरा भरतो. पण कवितेने शेतकऱ्याचे पोट भरत नाही, म्हणून या शेतीचा थोडा हिशेब पाहिला पाहिजे. नारिंगाच्या फुलांचे एक किलो तेल काढायला सुमारे एक हजार किलो फुले लागतात. गुलाबाच्या एक किलो तेलाला तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. फुले हाताने खुडायची आणि वास उडून जाण्याआधी भट्टीवर चढवायची. गुलाबाचे रोप लावल्यावर भरघोस फुले यायला सुमारे तीन वर्षे जातात, आणि नारिंगाच्या झाडाला तर त्याहूनही अधिक धीर लागतो.

अफूचे तसे नाही. शरद ऋतूत पेरले की वसंतात चीक हाती येतो. तो वाळवून ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. बँक नसलेल्या गावात तोच पैशासारखा चालतो. शिवाय व्यापारी पीक येण्याआधीच उचल देतो. मुलीचे लग्न, आजारपण, पेरणी, सारे त्या उचलीवर निभावते. मग ती फेडण्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा अफूच पेरावी लागते. अशा शेतकऱ्याला "गुलाब लाव" असे सांगणे म्हणजे तीन वर्षे थांब, असे सांगणे आहे. थांबायला आशा लागते. पण नुसत्या आशेवर तीन वर्षे चूल पेटत नाही. आपला माल कोणीतरी नक्की घेईल, असा भरवसा देणारा माणूस समोर असावा लागतो. त्या अत्तराने एवढेच केले. दूरच्या एका देशातून कोणीतरी म्हणाले, तू फुले काढ, मी घेते.

आता कठीण भाग. या सर्वांचा परिणाम काय झाला? संयुक्त राष्ट्रसंघाच्या पाहणीनुसार २०१० साली अफगाणिस्तानात १ लाख २३ हजार हेक्टरवर अफू होती. २०१७ साली ती ३ लाख २८ हजार हेक्टरवर गेली, तोवरचा सर्वांत मोठा आकडा. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आले. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी अफूवर बंदी घातली आणि २०२३ साली लागवड १० हजार ८०० हेक्टरवर घसरली. म्हणजे अफू घटली ती हुकमाने, अत्तराने नाही. आणि त्या एका वर्षात अफूच्या शेतकऱ्यांचे उत्पन्न १३६ कोटी डॉलरवरून ११ कोटी डॉलरवर आले. बंदी घालणाऱ्यांनी शेतकऱ्याला पर्यायी पोटापाण्याची सोय पुरेशी दिली नाही.

तेव्हा हिशेबी माणूस म्हणेल की ते अत्तर हरले. कित्येक हजार हेक्टरांच्या पुढे काही बाटल्या सुवास! श्रीमंत देशातील बायकांनी मनगटाला अत्तर लावायचे आणि त्यातून गरिबांचे भले झाल्याचे समाधान मिळवायचे, हे जरा सोयीचे नाही का? त्यापेक्षा ते पैसे थेट गरिबांना का दिले नाहीत?

हा प्रश्न आपण उद्याच ऐकणार आहोत. बेथानीच्या घरात तो युदासाने विचारला. मरियेने आणलेले जटामांसीचे तेल तीनशे दिनारांचे होते. एक दिनार ही त्या काळच्या मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई. जटामांसी हिमालयाच्या उंच भागात वाढते. तेव्हा ते तेल बहुधा आपल्याच बाजूने उंटांच्या आणि गलबतांच्या वाटेने तेथवर पोहोचले असावे. एवढे महाग तेल पायांवर ओतणे ही उधळपट्टीच दिसते. युदासाच्या मनात चोरी होती, असे संत योहान सांगतात. पण प्रश्न म्हणून तो टाकाऊ नाही. कोणत्याही धर्मग्रामात सणाच्या सजावटीवर खर्च होतो तेव्हा कोणा प्रामाणिक माणसाने तो विचारला पाहिजे.

प्रभूने दिलेले उत्तर मात्र आपण नेहमी अर्धेच लक्षात ठेवतो. गरीब तुमच्याजवळ सदैव असतील, हे त्यांचे म्हणणे काहीजण असे सांगतात, जणू गरिबीला इलाजच नाही. वास्तविक प्रभू येथे अनुवाद या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवीत आहेत. तेथे गरीब देशातून नाहीसे होणार नाहीत, असे सांगून लगेच आज्ञा दिली आहे की म्हणूनच आपला हात त्यांच्यासाठी उघडा ठेवावा. म्हणजे मरियेची उदारता आणि गरिबांसाठी उघडा हात, या दोन गोष्टींत प्रभूने भांडण लावलेले नाही. ते भांडण युदासाने लावले. ज्याचा हात एका ठिकाणी उघडतो त्याचाच दुसऱ्या ठिकाणीही उघडतो, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. आणि शेतकऱ्याच्या घामाला दाम देऊन त्याचा माल घेणे हीदेखील गरिबासाठी हात उघडण्याचीच एक रीत आहे. कित्येकदा ती भिकेपेक्षा अधिक मानाची असते.

तरीही पहिला प्रश्न उरतोच. आशा फळली नाही तर ती खोटी होती का? येथे संत थॉमस अक्वायनस आपल्या मदतीला येतात. आशेचा विषय कोणता, हे सांगताना ते चार खुणा देतात. ती गोष्ट चांगली असावी, ती अजून यायची असावी, ती मिळण्यास कठीण असावी, आणि तरीही ती शक्य असावी. यातील तिसरी खूण फार महत्त्वाची आहे. जे सहज मिळणार आहे त्याची कोणी आशा करीत नाही, त्याची नुसती वाट पाहतो. सकाळी सूर्य उगवेल अशी आपण आशा करीत नाही. म्हणजे आशा म्हणजे भविष्याचा अंदाज नव्हे. अंदाज बरोबर येतो किंवा चुकतो. आशा ही कठीण पण चांगल्या गोष्टीकडे वळलेली मनाची चाल आहे, आणि ती चालणाऱ्याच्या पायांवरून ओळखावी.

आणखी एका विचारवंताचा येथे उल्लेख करावासा वाटतो. गाब्रिएल मार्सेल हे फ्रान्समधील कॅथलिक तत्त्वज्ञ. पहिल्या महायुद्धात ते रेडक्रॉससाठी बेपत्ता सैनिकांची माहिती काढण्याचे काम करीत. त्यांच्यासमोर माहितीपत्रकांचा ढीग असे, आणि चौकशीला येत त्या सैनिकांच्या घरची माणसे. प्रत्येक पत्रकामागे एक माणूस आहे, हे त्या कामाने त्यांना शिकवले. पुढे आशेवर लिहिताना त्यांनी आशावाद आणि आशा यांत फरक केला. आशावादी माणूस बाजूला उभा राहून म्हणतो, सारे ठीक होईल. आशा धरणारा बाजूला उभा राहत नाही. तो कोणावर तरी विसंबतो आणि केवळ स्वतःसाठी नव्हे, तर आपणा सर्वांसाठी आशा धरतो.

या दृष्टीने पाहिले तर त्या अत्तराचा हिशेब वेगळा लागतो. ते अफगाणिस्तान बदलेल की नाही, हा अंदाजाचा प्रश्न झाला. एका स्त्रीने आपल्या जखमी मित्राचे काम स्वतःचे मानले आणि जिला कधी पाहिले नाही त्या शेतीशी स्वतःला बांधून घेतले, ही आशा झाली. तीन लाख हेक्टरांच्या आकड्यात ती दिसणार नाही. ज्या घरात फुलांचे पैसे आले त्या घराला मात्र ती दिसली.

बंधुभगिनींनो, जलालाबादची गोष्ट आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. आपल्या वसईच्या पट्ट्यात मोगऱ्याची, चाफ्याची वाडी म्हणजे काय, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. पहाटे कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि गाडी पकडून दादरचा फुलबाजार गाठायचा, यावर कित्येक घरांतली मुले शिकली. आज त्याच वाडीला एकरकमी पैसे देणारा माणूस दारात उभा राहतो. ती रक्कम लगेच हाती येते, फुलझाडे मात्र वाट पाहायला लावतात. जमीन विकणाऱ्यास आम्ही येथे दोष देत नाही. प्रत्येकाच्या घरची अडचण वेगळी असते. आम्ही विचारतो ते इतकेच, की जो अजून वाडी करतो त्याच्या पाठीशी आपण कसे उभे आहोत? सणाला त्याची फुले, त्याची भाजी आपण घेतो का, की दोन रुपये कमी पडतात म्हणून दुसरीकडे वळतो?

आणि केवळ शेतीचा प्रश्न नाही. घरातला मुलगा दारूत बुडाला आहे, दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आला, पुन्हा प्यायला लागला. त्याची आई आजही त्याच्यासाठी जेवण झाकून ठेवते. शेजारी म्हणतात, आता याच्यात काही राम उरला नाही. शेजाऱ्यांचा अंदाज कदाचित बरोबर ठरेल. पण झाकून ठेवलेले ते ताट अंदाजावर उभे नाही. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला रोज कूस बदलून देणारी पत्नी, परदेशात गेलेल्या आणि फोन न करणाऱ्या मुलासाठी रोझरीचा एक दशक वेगळा ठेवणारे वडील, यांची आशा कोणत्या आकड्यात मोजणार?

येथे एक सावधगिरी हवी. आशेच्या विरुद्ध दोन पापे आहेत, असे ख्रिस्तसभा शिकवते. एक निराशा आणि दुसरा फाजील भरवसा. निराशेला आपण ओळखतो. फाजील भरवसा मात्र पुष्कळदा भक्तीचा वेष घेऊन येतो. अमुक तेल लावा, रोग जाईल. अमुक बाटली घरी न्या, कर्ज फिटेल. अशी आशा विकणारे लोक आपल्या आसपास हिंडत असतात, आणि दुःखाने गांजलेली साधीभोळी माणसे पदरचे पैसे देऊन ती घेतात. ख्रिस्तसभाही तेल आशीर्वादित करते, पण ते विकत नाही आणि त्यावर हमखास गुण येण्याची चिठ्ठी चिकटवीत नाही. ज्या आशेतून कठीणपणा काढून टाकला आहे ती आशाच नव्हे. त्या जलालाबादच्या अत्तराविषयीही हेच म्हणावे लागेल. बाटली विकत घेऊन आशा घरी येत नाही. बाटलीच्या मागे जो माणूस आहे त्याच्याशी आपले नाते जुळले, तर येते.

प्राचीन ग्रीक कवी हेसियद याने पँडोराची कथा सांगितली आहे. तिने मडक्याचे झाकण उघडले आणि जगातील सारी दुःखे बाहेर पडली. आत, मडक्याच्या काठाखाली, एक आशा तेवढी अडकून राहिली. ती माणसासाठी जपून ठेवली की माणसापासून लपवून ठेवली, यावर पंडितांत आजही वाद आहे. शुभवर्तमान या वादात पडत नाही. संत मार्क सांगतात की त्या स्त्रीने अलाबास्त्राची कुपी फोडली. फोडलेल्या कुपीत मागे काही राखून ठेवता येत नाही. आणि सुगंधाचा नियमही तोच आहे. झाकण घट्ट असेपर्यंत उंची अत्तरालाही वास नसतो. ते हवेत उडू लागते, म्हणजे खर्च होऊ लागते, तेव्हाच ते दुसऱ्याच्या नाकापर्यंत पोहोचते. जपून ठेवलेली आशा आणि नसलेली आशा यांत बाहेरून काही फरक दिसत नाही.

पुनरुत्थानाच्या पहाटे निघालेल्या त्या स्त्रियांचा विचार करा. प्रभू उठले असतील, असे त्यांना वाटत नव्हते. तसे वाटले असते तर मृतदेहाला लावण्याचे सुगंध त्यांनी नेलेच नसते. कबरेच्या तोंडावर धोंड होती आणि ती कोण बाजूला करील, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. वाटेत त्या एकमेकींना हेच विचारीत होत्या. तरी त्या चालत राहिल्या, कारण प्रेमाचे एक काम करावयाचे राहिले होते. धोंड त्यांना लोटावी लागली नाही. आणलेले सुगंधही वापरावे लागले नाहीत, कारण त्यांच्या अपेक्षेपेक्षा देवाने केलेले काम मोठे होते. पण त्या घरीच बसल्या असत्या, तर ती वार्ता सर्वप्रथम त्यांच्या कानी पडली नसती.

या पवित्र आठवड्यात आपले बिशप महोदय धर्मगुरूंच्या समवेत ख्रिज्मा तेल पवित्र करतात. ऑलिव्हच्या तेलात सुगंधी द्रव्य मिसळून ते तयार होते. आपल्या प्रत्येकाच्या टाळूला स्नानसंस्काराच्या वेळी ते लावलेले आहे, कपाळाला दृढीकरणाच्या वेळी लावलेले आहे. आम्हा धर्मगुरूंच्या तळहातांना ते गुरुदीक्षेच्या दिवशी लागले. आपण ख्रिस्ताचा सुगंध आहोत, असे संत पौल करिंथकरांना लिहितात, ते त्यामुळे नुसते अलंकारिक बोलणे राहत नाही. २०२५ च्या ज्युबिली वर्षात आपण स्वतःला आशेचे यात्रेकरू म्हणवून घेतले. ते वर्ष संपले, पण कपाळावरचे तेल पुसले गेलेले नाही.

तेव्हा आमची एक विनंती आहे. ज्या माणसाविषयी आपण मनातल्या मनात हात टेकले आहेत, असा एकतरी माणूस आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात असतो. या आठवड्यात त्याच्यासाठी एक काम करावे. त्याच्या घरी जाऊन अर्धा तास बसावे, किंवा फोन करावा, किंवा थकलेली एखादी चूक त्याला माफ करावी. त्याने काय साधेल, हा हिशेब तूर्त बाजूला ठेवावा. धोंड कोण लोटील, याचे उत्तर त्या स्त्रियांनाही निघताना माहीत नव्हते.

आपणा सर्वांना पवित्र आठवड्याच्या शुभेच्छा. प्रभू आपले रक्षण करो.

आपले धर्मगुरू